२१२ पाककृती आणि एक ओटा

ठाण्याहून एका बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, बाईचं आलेलं हे पत्र जरा आखडून देत आहे. कोशर म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणारं; त्यात मांस आणि दूध एकत्र येऊ देत नाहीत, भांडीही वेगळी. रोश हाशाना हे आपलं नवं वर्ष आणि पेसाह हा वसंतातला सण.

"मावशी, शालोम. मी सीएसएमटीजवळ नोकरी करते. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. मिस्टरांची पाळ्यांची ड्यूटी. गेल्या वर्षी नणंद इस्राएलमधल्या अश्दोदहून आली, तेव्हा तिने कोशर स्वयंपाकाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक दिलं. त्यात २१२ पाककृती आहेत. रोश हाशानाला दिवा लावताना मी मनाशी शब्द दिला की पुढच्या रोश हाशानापर्यंत पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळं करेन. आता पेसाह झाला. ७१ झाल्यात, १४१ बाकी आहेत. पेसाहच्या प्रकरणातल्या ३० पैकी सहाच जमल्या. मुलगा नवीन काही दिसलं की तोंड फिरवतो. मिस्टर म्हणतात, पुरे आता. परवा रात्री अकरा वाजता झोपेच्या भरात मटणाच्या कढईत लोणी टाकलं. मग रडत बसले आणि सकाळी कढई कामवाल्या ताईंना देऊन टाकली. पण सगळ्यात लागलं ते मुलीचं बोलणं. पुस्तकात पेसाहला तांदूळ चालत नाही असं लिहिलंय. तिने ते वाचलं आणि विचारलं, 'आई, आपण तर भात खातो. मग आपलं कोशर नाही का? या पुस्तकात आपलं काहीच का नाही?' मला उत्तर देता आलं नाही. मी हे सोडून देऊ का?"

प्रिय मुली,

सोडू नकोस. मुदत मात्र सोड, आजच सोड.

आधी हिशेब करू. पेसाह संपल्यापासून रोश हाशानापर्यंत २२ आठवडे मिळतात. १४१ पाककृती २२ आठवड्यांत म्हणजे आठवड्याला सहाहून जास्त. त्यातून शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीचा, दिवस गेला, म्हणजे उरलेल्या प्रत्येक दिवशी एक नवा पदार्थ, तोही लोकलने घरी आल्यावर, मुलांचा गृहपाठ आणि डबे सांभाळून. हे कोणालाच जमणार नाही. तुझ्यात काही कमी आहे म्हणून तू मागे पडली नाहीस. वर्षाचा आकडा चुकीचा होता, एवढंच.

हा आकडा लोकांच्या डोक्यात कुठून येतो तेही सांगते. २००२ साली न्यूयॉर्कमध्ये ज्युली पॉवेल या नोकरदार बाईने फ्रेंच स्वयंपाकाच्या एका ग्रंथातल्या ५२४ पाककृती ३६५ दिवसांत करायच्या असं ठरवलं आणि केल्या. तेव्हापासून 'एक पुस्तक, एक वर्ष' हे समीकरण जगभर पसरलं. पण तिला मुलं नव्हती, आणि लोणी कुठल्या कढईत टाकायचं याचा विचार तिला करावा लागत नव्हता. तुला दोन्ही आहे. तेव्हा तुझं माप वेगळंच हवं.

माझं म्हणणं, तिसऱ्या रोश हाशानापर्यंत वेळ घे. साधारण १२५ आठवडे होतात. आठवड्याला एक पदार्थ आणि एखाद्या मोकळ्या आठवड्यात दोन. परीक्षा, ताप, पाहुणे, लग्नं, सगळं त्यात बसतं. तेव्हा तुझी मुलगी साडेअकरा वर्षांची असेल, बारा पूर्ण होऊन तिचं बात मिझ्वा, म्हणजे मुलगी धर्माने जाणती झाल्याचा सोहळा, व्हायला जेमतेम सहा महिने उरलेले. शेवटचे वीसेक पदार्थ ती तुझ्याबरोबर ओट्याशी उभी राहून करेल. या घाईत तिला त्यातलं काहीच मिळत नाही, रात्री अकरा वाजता ती झोपलेली असते.

दिव्यासमोर दिलेला शब्द मोडतोय ही बोच तुझ्या पत्रात ओळीओळीत आहे. ती मी हलकी मानत नाही. आपल्याकडे नेदेर ही साधी गोष्ट नव्हेच, म्हणून तर जुनी माणसं काहीही ठरवताना 'ब्ली नेदेर', म्हणजे 'नवस नाही हं', असं आधी म्हणून घेतात. पण त्याच धर्मात रोश हाशानाच्या आधी तीन जणांसमोर उभं राहून अशा शब्दांतून मोकळं होण्याचीही रीत आहे, हतारत नेदारिम. सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या हझानसाहेबांशी बोल. तुझं बोलणं नेदेर ठरतं की नाही ते तेच सांगतील, आणि ठरत असेल तर वाटही दाखवतील. हे ओझं मनात ठेवून कणीक मळू नकोस.

आता दुसरी गोष्ट, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जायचं. हे तर अजिबात नको. छापणाऱ्याने प्रकरणं सूप, मासे, मांस, भाज्या, गोड अशी लावलीत. कोशर घर तसं चालत नाही, ते पंचांगाने चालतं. पुस्तकाचं नवं अनुक्रमणिकेचं पान तूच तयार कर आणि आत चिकटव. दुधाचे सगळे पदार्थ शाबुओथच्या आसपास. पेसाहच्या दुसऱ्या रात्रीपासून ४९ दिवस मोजून होतात न होतात तोच तो सण येतो आणि त्याला दुधाचं खायची रीतच आहे. चीजकेक, ब्लिंत्झ, शेवयांचा गोड कुगल, म्हणजे भट्टीत भाजलेला केकसारखा पदार्थ, हे तेव्हाचं. तळणाचे पदार्थ हनुक्काला. भरल्या त्रिकोणी बिस्किटांचं पान पुरीमला, म्हणजे आपल्या आज्यांच्या भाषेत होळीच्या सणाला. मधाचा केक रोश हाशानाला.

आणि पेसाहच्या प्रकरणाचं दडपण तू उगाच घेतलंस. आठ दिवसांत ३० पदार्थ कोण करतं? त्या पाककृतींना मैदा लागत नाही, एवढंच त्यांचं वैशिष्ट्य. बदामाचा केक, बटाट्याचा कुगल, अंड्यांचे प्रकार श्रावणात केले तर कुठला नियम मोडतो? पेसाहची वेगळी भांडी फक्त पेसाहला. उरलेले २४ पदार्थ वर्षभर जमतील तसे कर. मग पुढच्या पेसाहला त्यातले घरी आवडलेले दोनच पुन्हा कर, म्हणजे सणाच्या दिवशी प्रयोग नको.

आता कढईबद्दल. पत्रात तू ते एका ओळीत लिहिलंस, पण तुझा खरा थकवा तिथेच आहे. कोशर पुस्तक करताना दमवतं ते पदार्थांपेक्षा बाजू बदलणं. मांसाची पळी, दुधाची पळी, ओटा पुसा, सिंक धुवा, पक्कड वेगळी, फडकं वेगळं. आपल्या ठाण्या-मुंबईच्या घरांत ओटा एक, सिंक एक. जितक्या वेळा बाजू बदलशील तितक्या वेळा चुकायची शक्यता. म्हणून आठवडाच वाटून टाक. रविवारपासून बुधवारपर्यंत स्वयंपाकघर दुधाचं किंवा पारवे, म्हणजे ना दुधाचं ना मांसाचं: धान्य, भाजी, फळं, अंडी, मासे. गुरुवारी रात्री सगळं आवरून एकदाच बाजू बदल, गुरुवार-शुक्रवार मांसाचे. शब्बाथ संपला की परत. सिंकमध्ये दोन रंगांची दोन टबं ठेव, भांडी त्यातच घासायची. भांड्यांच्या दांड्यांना आणि कानांना वेगळा रंग लाव. कुकर एकच असेल तर तो एकाच बाजूला देऊन टाक, नुसती रिंग बदलून भागवू नकोस. आणि रात्री नऊनंतर पुस्तकातलं पान उघडायचं नाही, हा माझा हट्ट समज.

पुढच्या वेळी असं काही झालं तर लगेच भांडं देऊन टाकू नकोस. बाजूला ठेव, दुसऱ्या दिवशी हझानसाहेबांना विचार. मातीचं भांडं परत कोशर होत नाही, पण धातूचं बहुधा होतं, कधी उकळत्या पाण्याने, कधी आगीवर तापवून. तुझी कढई लोखंडी असेल तर कदाचित वाचली असती. रडू येण्याचं मात्र मला नवल वाटलं नाही. रेवदंड्याला माझ्या आईच्या हातून असंच दुधाचं पातेलं मटणाच्या रश्शात कलंडलं होतं, ती दिवसभर कोणाशी बोलली नाही.

शुक्रवारचं वेगळं सांगते. ठाण्यात नोव्हेंबर-डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जून-जुलैत सव्वासातच्या पुढे. दिवा सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी. म्हणजे थंडीतल्या शुक्रवारी तू गाडीत असतानाच वेळ संपत आलेली असते. त्या महिन्यांत शुक्रवारी पुस्तक नको. रोजचं मटण नाहीतर मासा, भात, काळ्या मनुकांचं शरबत, बस. पुस्तकातला नवा पदार्थ गुरुवारी रात्री करून ठेव किंवा रविवारी सकाळी. रात्रभर मंद आचेवर ठेवायचं ते चोलेंत, म्हणजे राजमा, बार्ली, बटाटे आणि मांस, त्यासाठी घरात लहान मूल असताना गॅस रात्रभर चालू ठेवू नकोस. विजेवरचं मंद शिजवायचं भांडं आणता आलं तर शुक्रवारी उजेडातच लावून टाक. नाहीतर मांसाच्या दिवसांत एखाद्या सुट्टीच्या दुपारी कर. चवीत काही कमी होणार नाही.

साहित्याची अडचण तू लिहिली नाहीस, पण ती असणारच, कारण ही पुस्तकं अमेरिकेच्या बाजारावर लिहिलेली असतात. गेफिल्टे फिश घे, म्हणजे वाटलेल्या माशाचे उकळलेले गोळे. त्यात कार्प मासा लागतो म्हणून बायका ते पान उलटून टाकतात. अगं, आपला रोहू आणि कटला कार्पच्याच कुळातले. ठाण्याच्या मच्छी मार्केटात आरामात मिळतात. कोळणीला खवले काढू देण्याआधी स्वतः बघून घे, पर आणि खवले दोन्ही हवेत. खऱ्या रीतीत मासा कच्चाच वाटतात. रोहूला बारीक काटे फार, म्हणून मी तो आधी हलका वाफवते, बसून काटे काढते, मग कांदा, अंडं, मिरपूड आणि मिक्सरमधून काढलेला मात्साचा, म्हणजे पेसाहच्या बिनआंबवलेल्या पोळीचा, चुरा घालून मळते. मुलांना गोळे पाण्यात उकळलेले आवडले नाहीत तर तेलात परतून दे. पोलंडच्या आजीने नाक मुरडलं तर मुरडू दे, मुलं खातात हे महत्त्वाचं.

ब्रिस्केट हा गोमांसाचा भाग. महाराष्ट्रात २०१५पासून बैल-वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे, तेव्हा ते सरळ बोकडाच्या खांद्याच्या मटणावर कर, वेळ कमी लागेल. कोंबडीच्या चरबीऐवजी तेलात कांदा खरपूस लाल कर आणि तेच तेल वापर. आंबट क्रीमच्या जागी चक्का चालतो, ताज्या चीजच्या जागी घरी लिंबाने फाडलेलं पनीर. त्यात रेनेटचाही, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणाचाही, प्रश्न येत नाही. जिलेटिन असेल तिथे चायना ग्रास. एक सूचना मात्र नीट ऐक. पुस्तकातली ब्रेडची पाककृती दुप्पट-तिप्पट करायला गेलीस तर पिठाचं वजन बघ. सव्वा किलोच्या आसपास गेलं की हल्ला, म्हणजे धर्माच्या नेमाने बाजूला काढायचा कणकेचा गोळा, वेगळी काढायचा प्रश्न येतो, आणि पावणेदोन किलोच्या जवळ आशीर्वादासह. ते सहसा पाककृतीच्या खाली छापलेलं नसतं.

धाकट्याबद्दल जास्त काळजी करू नकोस. चार वर्षांचं मूल नव्या पदार्थाकडे पाठ फिरवणारच. ताटात त्याचा वरणभात असू दे, नव्याचा एक घास कडेला. खाल्लं तर खाल्लं. पुस्तकातले पदार्थ हेच अख्खं जेवण असं केलंस म्हणून रोजची भांडणं होतात. मोठीला काम दे. अंडी एकेक वाटीत फोडून रक्ताचा ठिपका आहे का ते बघणं, पालेभाजी उजेडाकडे धरून अळी शोधणं, डाळ निवडणं, हे नऊ वर्षांची मुलगी नीट करते आणि तेच तर कोशरचं पहिलं शिक्षण.

तुझ्या मिस्टरांना माझा निरोप सांग. 'पुरे आता' म्हणायचा हक्क भांडी घासणाऱ्याला असतो. रविवारचा बाजार आणि गुरुवारी रात्रीची बाजू बदलायची आवराआवर त्यांच्याकडे दे. पाळी रात्रीची असेल तेव्हा बाजार सकाळी होतोच.

आता मुलीचा प्रश्न. मी हे पत्र चार दिवस जवळ ठेवलं ते त्याच्यासाठी.

तांदळाचं आधी. पेसाहला निषिद्ध आहे ते खमेट्झ, म्हणजे गहू, बार्ली, राय, ओट आणि स्पेल्ट या पाच धान्यांचं आंबलेलं. तांदूळ त्यात नाहीच. तांदूळ, डाळी, कडधान्यं टाळायची ती युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंची मध्ययुगापासूनची रीत. तुझ्या पुस्तकाची लेखिका त्या घरातली असणार, तिने तिच्या घराचं खरं लिहिलं. सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या, ज्यूंमधले पुष्कळ जण भात खातात, आपण बेने इस्राएल खातो, तांदळाची भाकरी खातो. तिला हे दोन वाक्यांत सांग, ती समजेल.

'आपलं काहीच का नाही' याला मात्र दोन वाक्यं पुरणार नाहीत. तिला डेव्हिड राहाबीची गोष्ट सांग. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की आपली माणसं अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटून लागली, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. पुस्तकं, पोथ्या, सगळं समुद्रात गेलं. पुढे शेकडो वर्षं कोकणात तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनिवार तेली. हिब्रू विसरली होती, फक्त शेमा ही प्रार्थना उरली होती. मग बाहेरून डेव्हिड राहाबी आला. ही माणसं खरंच ज्यू आहेत का हे त्याला ठरवायचं होतं. त्याने बायकांपुढे माशांची टोपली ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे निवडून घेतले, बाकीचे बाजूला केले. तेवढ्यावर त्याला खूण पटली.

बघ ना, पोथी नव्हती, हझान नव्हता, छापील पुस्तक तर नव्हतंच. ओट्याशी, म्हणजे तेव्हाच्या चुलीशी बसलेल्या बायकांच्या हातांना माहीत होतं. तुझी लेक त्या बायकांची आहे. 'आपलं कोशर नाही का' याचं उत्तर त्या टोपलीत आहे.

आणि नारळाचं दूध. आपल्या मटणाच्या रश्शात दही नाही, क्रीम नाही, नारळाचं दूध आहे. पुस्तकात बदामाचं दूध घालून केलेलं काही मांस असेल तर तिथे तिला दाखव: सोळाव्या शतकातल्या शुल्हान आरूख या ज्यू नियमग्रंथावर पोलंडच्या रब्बी मोशे इसेर्लिस यांनी जी टिपणं जोडली, त्यात लिहिलंय की मांस बदामाच्या दुधात केलं तर ताटाजवळ बदाम ठेवावेत, म्हणजे बघणाऱ्याला हे गाईचं दूध वाटणार नाही. तिकडे बदाम, इकडे नारळ. एकाच नियमाने दोन देशांत दोन चवी घडवल्या. रश्शाच्या पातेल्याशेजारी एक नारळाची कवड ठेवून तिला ही गोष्ट सांगितलीस तर ती जन्मभर विसरणार नाही.

म्हणून माझी एक अट आहे. पुस्तकातले दहा पदार्थ झाले की अकरावा आपला. वहीचे कागद कापून त्या त्या प्रकरणात चिकटव, मुलीच्या अक्षरात. रोश हाशानाच्या पानाशेजारी गव्हाचा चीक आणि नारळाच्या दुधाचा हलवा. तो पारवे, मटणानंतरही चालतो. तिशा बाआबच्या पानाशेजारी वालाचं बिरडं, आपण त्या उपासाला बिरड्याचा रोजाच म्हणतो. पुरीमपाशी पुरणपोळी, आणि खाली तांबड्या शाईने की तूप घातलं तर ती दुधाच्या बाजूची. मलिदा कुठल्याच प्रकरणात बसणार नाही, कारण एलियाहू हानाबी या प्रेषिताच्या नावाने भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओलं खोबरं आणि सुकामेवा कालवून फळांसकट ताट मांडायचं हे तिकडच्या पुस्तकाला ठाऊक नाही. त्याला पहिल्या कोऱ्या पानावर जागा दे. सासूबाई, आत्या, कोणी अलिबाग-पेणकडच्या म्हाताऱ्या नातेवाईक असतील तर त्यांना मुलीकडून फोन करव. प्रमाणं विचारशील तर त्या 'अंदाजाने' म्हणतील. तेव्हा त्यांच्या घरी जा आणि त्यांची मूठ वाटीत मोज. आपण इथे आता काही हजारच उरलोय, त्या मुठी मोजून घ्यायला हव्यात.

२१२मधल्या चार कुगलांपैकी दोन जवळजवळ सारखे निघाले तर एकाच दिवशी एकच मिश्रण दोन भांड्यांत लाव आणि दोन्हींवर खूण कर. ते मोजणीत धर. जो पदार्थ घरात कोणालाच आवडला नाही त्यावरही तारीख लिही आणि का आवडला नाही तेही.

या रविवारी रोहू आण. गेफिल्टे फिश जमलं तर कळव, आणि काटे काढायला मिस्टरांना बसव. त्या कामाला दोन माणसं लागतात.

तुझी,
मावशी